जवळच्या नेमाची दुर्बीण : प्रस्तावना

मी चष्मे बनवतो. माधवनगरच्या पेठेत माझे छोटे दुकान आहे. बंदूक मी आयुष्यात एकदाच हातात धरली, तीही कॉलेजात असताना एनसीसीच्या शिबिरात. त्या दिवशी माझ्या पाच गोळ्यांपैकी तीन शेजारच्या मुलाच्या टारगेटवर सापडल्या आणि त्याला त्या दिवसाचे पहिले बक्षीस मिळता मिळता राहिले, कारण त्याच्या कागदावर आठ भोके होती. अशा माणसाने रायफलच्या दुर्बिणीवरच्या पुस्तिकेला प्रस्तावना लिहावी हे वाचकाला खटकेल. मलाही खटकले. पण लेखकाचा हट्ट असा की बंदुकीचे त्यांना कळते, काचेचे मला कळते, आणि या पुस्तिकेत निम्मी गोष्ट काचेची आहे.

लेखकाला आमच्या भागात सगळे ‘मेजर’ म्हणतात. ते मेजर नव्हते. पण सातारा-सांगलीकडे फौजेतून पेन्शन घेऊन आलेला कोणीही मेजरच असतो, जसा चष्मेवाला हा ‘डाक्टर’ असतो. आम्ही दोघेही एकमेकांना खोट्या पदव्यांनी हाक मारतो आणि त्यात कोणाला गैर वाटत नाही. नोकरीची बरीच वर्षे त्यांनी कोतमध्ये, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात काढली. रायफली उघडणे, पुसणे, दुरुस्त करणे, जवानाच्या हाती देण्याआधी त्या झीरो करून घेणे, म्हणजे ठरलेल्या अंतरावर गोळी नेमावरच लागेल अशा जुळवून घेणे, हे त्यांचे काम. गोळी झाडणाऱ्यापेक्षा नेम का चुकला हे शोधणाऱ्याच्या बाजूने त्यांनी बंदूक पाहिली आहे, आणि पुस्तिकेचा सगळा सूर त्यातून आला आहे.

आमची ओळख एका लाल ठिपक्यावरून झाली. मेजर दुकानात आले ते एअरगनवर बसवायचे ‘रेड डॉट’ नावाचे यंत्र पिशवीत घालून. ही एक छोटी नळी असते. तिच्यातून पाहिले की काचेवर लाल ठिपका दिसतो. ठिपका लक्ष्यावर ठेवायचा आणि चाप ओढायचा. त्यात काहीही मोठे दिसत नाही. मेजरांची तक्रार होती, “डाक्टर, नवीन हाय, पण ठिपका गोल दिसंना झालाय. फुटक्या दिव्यावानी पांगलाय बघा.” दुकानदाराला परत द्यायला ते निघाले होते. मी त्यांना ती नळी डोळ्यासमोर धरून हळूहळू गोल फिरवायला सांगितली. नळी फिरली, पण पांगलेली शेपूट होती त्याच दिशेला राहिली. म्हणजे दोष नळीत नव्हता. असता तर शेपूटही नळीबरोबर फिरली असती. मग मोबाईलने त्याच नळीतून फोटो काढला. फोटोत ठिपका हरभऱ्याच्या दाण्यासारखा गोल.

मेजरांच्या उजव्या डोळ्याला सिलिंडरचा नंबर निघाला. बुबुळाचा बाक सगळ्या बाजूंनी सारखा नसला की प्रकाशाचा बिंदू एका जागी जमत नाही, तो रेघेसारखा ताणला जातो. रस्त्यावरचे दिवे रात्री तारांसारखे दिसतात अशी तक्रार घेऊन जी माणसे माझ्याकडे येतात, त्यांच्यापैकी पुष्कळांची हीच गत असते. मेजरांना आयुष्यभर ते कळले नव्हते, कारण जुन्या रायफलीवर पुढे माशी आणि मागे भोक असायचे, आणि बारीक भोकातून पाहिले की हा दोष बराचसा झाकला जातो. चष्मा करून दिला. ठिपका बराच सुधारला. पण चष्मा घालून दस्त्याला गाल लावला की काच तिरपी होते, म्हणून नवीन त्रास सुरू झाला. त्या त्रासातून आमच्या संध्याकाळच्या बैठका सुरू झाल्या, आणि त्या बैठकांतून ही पुस्तिका.

आता विषय. रायफलवरच्या दुर्बिणीवर आकडे लिहिलेले असतात. ‘१-४ × २४’ किंवा ‘१-६ × २४’. पहिल्या जोडीचा अर्थ असा की ही दुर्बीण एका पटीपासून चार किंवा सहा पटींपर्यंत फिरवता येते. शेवटचा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. एक पट म्हणजे जसे आहे तसे, साध्या डोळ्याला दिसते तेवढेच. हिला ‘कमी पटींची, बदलती दुर्बीण’ म्हणावे लागेल. मेजर तिला नुसते ‘एकपटी’ म्हणतात आणि मला ते नाव पसंत आहे, कारण सगळी गंमत त्या एक पटीत आहे.

कोणीही शहाणा माणूस इथे विचारेल की दुर्बीण तर लांबचे जवळ आणण्यासाठी असते. जवळचेच पाहायचे असेल तर ती घ्यायची कशाला? मीही हेच विचारले होते. मेजरांनी उत्तर दिले ते सांगलीतल्या बिबट्याचे.

मार्च २०२१ च्या अखेरीस सांगलीत भर वस्तीत, राजवाडा चौकाच्या परिसरात बिबट्या शिरला. दिवसभर शहराचा जीव टांगणीला लागला आणि रात्री त्याला भूल देऊन पकडले. माधवनगरहून राजवाडा चौक काही फार लांब नाही. त्या दिवशी आमच्या पेठेत दुसरा विषय नव्हता. भुलीचे इंजेक्शन लांबून मारायचे तर ते डार्टमधून जाते. डार्टची बंदूक गॅसच्या किंवा हवेच्या दाबावर चालते. डार्ट गोळीच्या मानाने फारच संथ जातो, कमानीत जातो, आणि तो मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड स्नायूतच बसावा लागतो. पोटात किंवा डोक्यात बसला तर ज्याला वाचवायचे तेच जनावर मरायचे. म्हणून हे काम लांबून होत नाही. दहा-वीस मीटर, फार तर चाळीस.

अशा जागी सहा पटींची दुर्बीण लावून पाहा. सहा पटींच्या दुर्बिणीतून शंभर मीटरवर साधारण सहा मीटर रुंदीचे दृश्य दिसते. वीस मीटरवर ते सव्वा मीटरसुद्धा भरत नाही. बिबट्याचे अंगही त्यात पुरे मावत नाही. दिसते ते नुसते पिवळे आणि काळे ठिपके. मांडी कुठली, खांदा कुठला, डोके कुठल्या बाजूला, काही कळत नाही. आणि तो पळाला तर दुर्बिणीतून पाहणाऱ्याला तो पळाला हेही कळत नाही. त्याला फक्त भिंत दिसते. तीच दुर्बीण एक पटीवर फिरवली की शंभर मीटरवर पस्तीस-चाळीस मीटर रुंदी दिसते, म्हणजे वीस मीटरवर सात-आठ मीटर. सांगलीच्या जुन्या गावठाणातला अख्खा बोळ त्यात मावतो. समजा जनावर थांबले, अंधारात दबून बसले, आणि आता मांडी नेमकी ओळखायची आहे. तेव्हा तीन-चार पटींवर फिरवायचे. बंदूक तीच, दुर्बीण तीच, फक्त कडे फिरवले. सांगलीत त्या रात्री कोणत्या बंदुकीवर काय होते हा इथे मुद्दा नाही. अशा प्रसंगाला काय असावे, हा आहे.

बिबट्यापाठोपाठ त्याच वर्षी डिसेंबरात सांगलीच्या मार्केट यार्डात गवा आला. त्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबर २०२० मध्ये, पुण्यात कोथरूडच्या महात्मा सोसायटीत गवा शिरला होता. गर्दी, पळापळ, भुलीचे डार्ट, दोऱ्या, आणि शेवटी त्याचा मृत्यू. तो दुर्बिणीमुळे मेला नाही आणि दुर्बिणीने वाचलाही नसता. तो आपल्या गर्दीने मेला असे माझे मत आहे. पण सह्याद्रीच्या कुशीतल्या जिल्ह्यांत हे प्रसंग आता नवलाचे राहिलेले नाहीत. चांदोली आणि कोयना मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, खाली राधानगरीचे अभयारण्य आहे, मधल्या सगळ्या पट्ट्यात ऊस उभा आहे. उसात बिबट्याला राहायला जागा आहे, आणि उसाच्या पलीकडे आपण आहोत. डार्टची बंदूक हाताळणाऱ्या पशुवैद्यकांसाठी आणि वनखात्याच्या पथकांसाठी या पुस्तिकेतले दुसरे प्रकरण आहे. माझ्या मते पुस्तिकेतले सर्वांत मोलाचे प्रकरण तेच, आणि ते दुप्पट लांब असते तरी चालले असते.

या दुर्बिणीचा उगमही शिकारीतलाच आहे. युरोपात, विशेषतः जर्मन भाषिक देशांत, रानडुकरांचा हाका करतात. आपल्याकडेही संस्थानिकांच्या शिकारीला हाका असायचा. आज जिथे राधानगरीचे अभयारण्य आहे ते दाजीपूरचे रान कोल्हापूरकरांचे शिकारीचे राखीव रान होते. हाक्यात हाकारे रान उठवतात आणि जनावर झाडीतून एकदम, पळत, जवळून बाहेर पडते. तिथे मोठी दुर्बीण कामाची नाही आणि नुसत्या माशीवर संध्याकाळच्या उजेडात डुक्कर आणि झुडूप वेगळे दिसत नाही. तिथल्या कारागिरांनी एक-सव्वा पटीपासून चार पटींपर्यंतच्या आखूड, रुंद दृश्याच्या दुर्बिणी केल्या त्या या गरजेपोटी. सैन्याने ही कल्पना वेगळ्या वाटेने गाठली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी रायफलवर दीड पटीची एक चिमुकली दुर्बीण बसवली होती, झेडएफ ४१ नावाची. ती डोळ्यापासून फार लांब बसायची, दृश्य डबीतून पाहिल्यासारखे अरुंद, आणि सैनिकांना ती फारशी आवडली नाही. १९७० च्या दशकाअखेरीस ऑस्ट्रियाच्या स्टायर कंपनीने आपल्या एयूजी रायफलमध्ये दीड पटीची दुर्बीण हँडलातच बसवली, मध्ये नेम धरायच्या फुलीऐवजी एक काळे कडे. जनावर असो की माणूस, कड्यात आला की झाले. पुढे श्मिट अँड बेंडरची १.१ ते ४ पटींची ‘शॉर्ट डॉट’ आली, आणि आज अमेरिकी पायदळाच्या रायफलींवरही १ ते ६ पटींच्या दुर्बिणी दिसतात. डुकराच्या हाक्यातली वस्तू घरझडतीच्या कामाला लागली. हा सगळा इतिहास मेजरांनी दोन पानांत उरकला आहे. हौशी वाचकाला तो अपुरा वाटेल, मला तेवढाच बरा वाटला.

खरा मुद्दा डोळ्यांचा आहे आणि इथे मला बोलण्याचा हक्क आहे.

माणसाला दोन डोळे आहेत, आणि नेम धरताना एक मिटायची सवय आपल्याला जत्रेतल्या फुगे फोडायच्या बंदुकीपासून लागते. लांबच्या नेमाला ते चालते. जवळच्या, हलत्या लक्ष्याला एक डोळा मिटणे म्हणजे अर्धे जग मिटणे. एकपटी दुर्बिणीचे खरे काम हे की दोन्ही डोळे उघडे ठेवता यावेत. उजव्या डोळ्याला दुर्बिणीतून जे दिसते आणि डाव्या डोळ्याला उघड्यावर जे दिसते ते एकाच मापाचे असेल, तर मेंदू दोन्ही चित्रे एकमेकांवर ठेवतो. मग दुर्बिणीची नळी जणू विरघळते आणि समोरच्या दृश्यावर नुसती फुली तरंगताना दिसते. पण दुर्बिणीची ‘एक पट’ खरी एक असेल तरच. पुष्कळ दुर्बिणींवर १ लिहिलेले असते आणि प्रत्यक्षात ती थोडी जास्त निघते. शिवाय अगदी जवळच्या वस्तूला ती दूरच्या वस्तूपेक्षा वेगळे माप देऊ शकते. फरक थोडाच असतो, पण मेंदूला तेवढा पुरतो. दोन चित्रे जुळत नाहीत, डोके जड होते, आणि माणूस नकळत एक डोळा मिटतो. म्हणजे दुर्बिणीचे पैसे ज्यासाठी मोजले तेच गेले.

आम्ही याची परीक्षा माझ्या दुकानाच्या गच्चीवर केली. मेजरांनी ओळखीपाळखीतून जमवलेल्या तीन दुर्बिणी होत्या. बंदुकीशिवाय, नुसत्या हातात. समोरच्या किराणा दुकानाची पाटी दोन्ही डोळे उघडे ठेवून वाचायची. एकीत पाटीची अक्षरे जागच्या जागी राहिली. दुसरीत ‘किराणा’मधला ‘रा’ दोनदा दिसला. तिसरीत कडेची विजेची तार धनुष्यासारखी वाकली, आणि मेजर म्हणाले, “ही असली मला फुकट दिली तरी नको.” विकत घेण्याआधी कोणालाही करता येईल अशी ही परीक्षा आहे. त्यासाठी बंदूक लागत नाही, परवाना लागत नाही, फक्त एक पाटी लागते. किमतीवरून मात्र अंदाज बांधू नये. आमच्या तिघींत जी सर्वांत महाग होती तिच्यातच ‘रा’ दोनदा होता.

मेजरांचे म्हणणे असे की दोन्ही डोळे उघडे ठेवणे हा नुसता सवयीचा भाग आहे, पंधरा दिवसांत कोणालाही जमते. मला हे पूर्ण मान्य नाही आणि पुस्तिकेतल्या त्या वाक्यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही. माणसाचा एक डोळा धनी असतो आणि दुसरा चाकर. दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये छोटा त्रिकोण करावा, त्यातून घड्याळाकडे पाहावे, मग एकेक डोळा मिटावा; ज्या डोळ्याने घड्याळ त्रिकोणात राहते तो धनी. उजव्या हाताने बंदूक धरणाऱ्याचा धनी डोळा डावा असेल, तर दोन्ही डोळे उघडे ठेवल्यावर डावा डोळा आपलेच चित्र पुढे रेटतो आणि फुली हरवते. अशी माणसे कमी नाहीत. त्यांना पंधरा दिवस सोडा, पंधरा महिने लागतील. काहींनी सरळ डाव्या खांद्यावर बंदूक घ्यावी हे उत्तम. एनसीसीतल्या माझ्या तीन गोळ्यांचे कारण मला या वादात सापडले.

जवळच्या नेमात आणखी दोन गोष्टी दगा देतात. पहिली अगदी साधी आहे. दुर्बीण बंदुकीच्या नळीच्या वर बसते. दोन्हींच्या मध्यरेषांत चार-पाच सेंटीमीटरचे अंतर असतेच. पन्नास मीटरवर झीरो केलेल्या रायफलीची गोळी दहा मीटरवर फुलीच्या जवळजवळ चार सेंटीमीटर खाली लागते, कारण गोळी अजून वर चढून दृष्टीच्या रेषेला भेटलेली नसते. लांबचा नेम शिकलेला माणूस हे विसरतो आणि जवळचा चुकतो. डार्टच्या बंदुकीत तर हे आणखी वाकडे, कारण तिथे अंतर बदलले की दाब बदलतो आणि दाब बदलला की कमान. मेजर सांगतात की प्रत्येक दाबाला, प्रत्येक अंतराला डार्ट कुठे बसतो हे मैदानात आधी गवताच्या पेंढीवर मारून वहीत लिहून ठेवावे. बोळात बिबट्यासमोर हिशेब सुचत नाही. ही वही त्यांनी पुस्तिकेच्या शेवटी कोरी छापली आहे, रकाने आखून.

दुसरी गोष्ट पॅरलॅक्सची. आगगाडीतून जवळचे झाड आणि लांबचा डोंगर एकमेकांसापेक्ष सरकताना दिसतात, तोच हा प्रकार. डोळा दुर्बिणीच्या मधोमध नसेल तर फुली लक्ष्यावरून सरकलेली दिसते. कमी पटींच्या दुर्बिणी बहुधा शंभर मीटर किंवा शंभर यार्डांसाठी जुळवून बंद केलेल्या असतात. २४ मिलिमीटरच्या भिंगाची अशी दुर्बीण पंचवीस मीटरवर वापरली आणि डोळा पार कडेला गेला, तर चूक जास्तीत जास्त नऊ मिलिमीटरची. बिबट्याच्या मांडीवर नऊ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. पण १० मीटर एअर रायफलच्या टारगेटवर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि अख्खे टारगेट साडेचार सेंटीमीटरचे. तिथे एवढी चूक म्हणजे दहाच्या घराबाहेर.

हे इथे मुद्दाम सांगतो, कारण मेजरांकडे सर्वांत जास्त येतात ते मुलांचे आईबाप. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवले, त्यानंतर ही रीघ वाढली. त्याआधी २०१० मध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जागतिक विजेतेपद मिळवले होते, तेव्हाही थोडी अशीच हवा होती. आईबाप विचारतात, “पोराला कुठला स्कोप घेऊ?” उत्तर एका शब्दाचे आहे : कुठलाच नाही. स्वप्नील आणि तेजस्विनी ज्या प्रकारांत खेळतात तिथे दुर्बीण चालतच नाही. पुढे कडे, मागे बारीक भोक, बस्स. हा पैसा मुलाच्या कोटावर, छऱ्यांवर आणि रेंजच्या फीवर घालावा. १० मीटरचा एकच प्रकार असा आहे जिथे दुर्बीण चालते, तो म्हणजे रनिंग टार्गेट. दोन मीटरच्या खिडकीतून टारगेट सरकत जाते, संथ फेरीत पाच सेकंदांत आणि वेगवान फेरीत अडीच सेकंदांत. तिथेही चार पटींच्या पुढे जाऊ देत नाहीत. अडीच सेकंदांत हलते लक्ष्य, दहा मीटरवर, आणि फार तर चार पटी. जवळच्या नेमाला किती मोठे करून पाहावे याचे दुसरे उत्तर मला कोठे सापडले नाही.

आता थोडे मतभेद, कारण नुसती स्तुती केली तर ही प्रस्तावना पाहुण्यांच्या भाषणासारखी होईल. फुली कुठे कोरलेली असावी यावर मेजरांनी आठ पाने खर्च केली आहेत. पुढच्या केंद्रपातळीत कोरली तर पट वाढवताना फुलीही मोठी होते आणि तिच्यावरच्या खुणांचे माप कायम खरे राहते. मागच्या केंद्रपातळीत कोरली तर फुली कुठल्याही पटीवर तेवढीच दिसते. मेजर पहिल्या पक्षाचे आहेत. फौजेत तीनशे-चारशे मीटरपर्यंत विचार करायची सवय असल्याने ते साहजिक आहे. पण पुस्तिकेचे नाव जवळच्या नेमाचे आहे, आणि जवळ एक पटीवर ती फुली केसाएवढी बारीक होऊन झाडीत हरवते. मग तिला दिवा लावावा लागतो, दिव्याला सीआर २०३२ ची बटणसेल लागते, आणि सेल नेमकी त्या रात्री संपते. जवळच्या कामाला मागच्या केंद्रपातळीतली, जाड दांड्यांची काळी फुली पुरते असे माझे मत आहे. सिलिंडरच्या नंबरवाल्याला तर लाल ठिपक्यापेक्षा काळी कोरीव फुली केव्हाही बरी दिसते. ‘कोणती कंपनी घ्यावी’ हे प्रकरण मी काढून टाका म्हटले होते. ते त्यांनी काढले नाही, पण त्यातून किमती काढल्या, एवढे माझे यश. मात्र स्प्रिंगच्या एअरगनविषयी त्यांनी दिलेला इशारा प्रत्येकाने वाचावा : स्प्रिंगची बंदूक आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी झटका देते, आणि मोठ्या रायफलीवर वर्षानुवर्षे टिकणारी दुर्बीण या छोट्या बंदुकीवर महिन्याभरात आतून खिळखिळी होऊ शकते.

माझ्या गिऱ्हाइकांसाठी, म्हणजे चाळिशी उलटलेल्यांसाठी, दोन गोष्टी. दुर्बिणीतून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत किती जाड, हे भिंगाच्या व्यासाला पटीने भागून कळते. २४ ला सहाने भागले तर चार मिलिमीटर, चाराने भागले तर सहा. वीस वर्षांच्या पोराची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते. साठीच्या माणसाची पाचसुद्धा कधीकधी उघडत नाही. तेव्हा संध्याकाळच्या कामाला साठीच्या माणसाने जाड भिंगाची, जड दुर्बीण विकत घेऊ नये. तिचा जास्तीचा प्रकाश त्याच्या डोळ्यात शिरतच नाही. दुसरी गोष्ट चष्म्याची. दूर-जवळचे दोन्ही नंबर एकाच काचेत असलेला चष्मा घालून दस्त्याला गाल लावला की डोळा काचेच्या वरच्या कोपऱ्यातून पाहतो, आणि तिथे दृश्य तिरपे होते. अशांनी नेमासाठी फक्त दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा करावा, काच पॉलिकार्बोनेटची घ्यावी, आणि दुर्बीण डोळ्यापासून नऊ-दहा सेंटीमीटर लांब बसवावी. जवळ बसवली तर झटक्याला भुवई फुटते, आणि टाके घालून कपाळावर चंद्रकोर मिरवणारे दोघे-तिघे मला माहीत आहेत. दुर्बिणीच्या मागच्या कड्याने साधा नंबर जुळवून घेता येतो, सिलिंडर जुळत नाही. कडे जुळवताना आभाळाकडे धरून एक-दोन सेकंदच पाहावे आणि नजर काढावी. जास्त वेळ पाहिले की डोळाच जुळवून घेतो आणि कडे चुकीच्या जागी राहते.

कायद्याचे प्रकरण मेजरांनी शेवटी घातले आहे, मी ते आधी वाचा म्हणेन. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. बिबट्याला भूल द्यायची तरी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीने, आणि पिकात घुसणाऱ्या रानडुकरावरही वनखात्याच्या परवानगीशिवाय बंदूक उचलता येत नाही. बंदुकीला १९५९ च्या शस्त्र कायद्याखालचा परवाना हवा. ०.१७७ पर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला तो लागत नाही, पण २०१६ च्या शस्त्र नियमांत तिच्याही अटी आहेत. उसात बिबट्या दिसला म्हणून ही पुस्तिका वाचून कोणी बंदूक घेऊन निघणार असेल, तर त्याने पुस्तिका मिटावी आणि वनखात्याला १९२६ वर फोन करावा.

बाकीच्यांनी दुर्बीण घ्यायच्या आधी डोळे तपासून घ्यावेत. आमच्याकडेच यावे असे नाही, कुठेही तपासा. फक्त तपासताना सिलिंडरचा नंबर आहे का ते विचारा, आणि धनी डोळा कोणता तेही विचारून कागदावर लिहून घ्या. पुस्तिकेच्या पहिल्या प्रकरणात तो कागद लागेल.

माधवनगर, जि. सांगली